बाजारापर्यंत थांबायचं का?

"जालन्याला? मॅडम, तिथं बघायला काय आहे हो?" मी रजेचा अर्ज पुढं केला तेव्हा आमच्या सिस्टरबाईंनी विचारलं. आमच्या सांगलीकडं प्रवास म्हणजे एकतर देव, नाहीतर समुद्र. जालन्यात समुद्र नाही आणि मी देवाला निघाले नव्हते. मी म्हटलं, "मी प्रश्न आणायला चाललेय." बाई समजूतदारपणे हसल्या आणि त्यांनी अर्जावर सही घेतली. परत आल्यापासून मात्र त्या रोज विचारतात की नेमकं काय झालं तिकडं. एकेकाला सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी थोडं नमनाचं तेल, घडाभर नाही. मी लहान मुलांची डॉक्टर. ताप, खोकला, जुलाब आणि "काही खातच नाही हो", यातच माझी सकाळ जाते. या रोजच्या ओपीडीत आम्ही जे छातीठोकपणे सांगतो, "तीन दिवसांनी दाखवा", "वाफ द्या", "केळं बंद करा", त्यातलं कितीसं कुणी नीट तपासून पाहिलंय? फार थोडं. संशोधन होतं ते मोठ्या आजारांवर, मोठ्या हॉस्पिटलांत. म्हणून महाराष्ट्रातल्या आम्ही काही बालरोगतज्ज्ञांनी ठरवलं, गावोगाव जायचं आणि विचारायचं की आमच्या रोजच्या कामातलं काय आधी तपासायला हवं. डॉक्टरांना विचारायचं आणि लेकरांच्या आईबापांनाही. मत प्रत्येकाला सारखंच. यात सर्वांत वर जो प्रश्न येईल, त्यावर आमचा गट पहिलं काम सुरू करणार होता.

कागदावर हे झकास दिसत होतं. प्रत्यक्षात जिथं गेलो तिथं आईबाप हात जोडून म्हणायचे, "डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते." मग आमचे अध्यक्ष निमकर सर, पुण्याचे, विद्वान, घड्याळाचे गुलाम आणि हट्टात माझेही गुरू, ते आपला प्रश्न पुढं सरकवायचे: साध्या तापात रक्त कधी तपासावं? प्रश्न वाईट नव्हता, पण तो डॉक्टरांचा प्रश्न होता. माझं डोकं फिरायचं. आईबापांना मत द्यायचं आणि तोंड द्यायचं नाही, याला काय अर्थ आहे? जालना हा शेवटचा मुक्काम, मतदानही इथंच. इथंही कुणी आपल्या तोंडानं आपला प्रश्न मांडला नाही, तर निमकर सरांचा प्रश्न पहिला येणार आणि आमची सगळी वणवण फुकट जाणार. मी सरांना ऐकवलं होतं, "जालन्यात बघा तुम्ही." एवढी मिजास कशाच्या जोरावर? तर जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात माझी कॉलेजातली मैत्रीण संगीता लहान मुलांचा दवाखाना चालवते. ती फोनवर म्हणाली होती, "ये तर खरी. आमच्या बाया तुला बराबर सांगतील."

वाटूर

जालन्याहून मंठ्याकडं निघालं की दोन्ही बाजूंना कापूस. दिवाळी नुकतीच झालेली, बोंडं फुटलेली, मध्येमध्ये तुरीच्या पिवळ्या फुलांच्या ओळी. आमच्याकडं उसामुळं रस्त्यावरून पलीकडचं शेतही दिसत नाही. इथं नजर जाईल तिथपर्यंत रान मोकळं. मी खिडकीतून बघत बसले आणि खूश झाले. वाटूरच्या फाट्यावर उतरून गावातल्या सभामंडपात गेले. माझी पहिली बैठक तिथं होती, आयांना जालन्याच्या मोठ्या बैठकीसाठी तयार करायची. खुर्च्या मांडलेल्या, माईक लावलेला. मी बॅनर बांधला आणि वाट बघत बसले.

कुणी येईना. एक शेळी येऊन बॅनरची दोरी चावून गेली, तेवढीच काय ती उपस्थिती. शेवटी मी चहाच्या टपरीवर गेले. टपरीवाल्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"ओ मॅडम, कुणाची वाट बघून राह्यल्या?"

"गावातल्या आयांची. बैठक आहे ना आज."

"आज? आज मंठ्याचा बाजार हाय! आज गावात माणूस घावायचं न्हाई. बैठकीचा दिस कोणी काढला?"

दिवस काढला होता निमकर सरांच्या ऑफिसनं, सरांची डायरी बघून. पुण्यात बसून वाटूरचा दिवस काढायचा, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी संगीताला फोन लावला आणि तावातावानं सगळ्यांचा उद्धार केला. ती हसत सुटली. "अगं, मला वाटलं तू बाजाराच्या आधी तिथं बसून मग इकडं येणारेस. गुंडाळ तो बॅनर आणि बस जीपमध्ये. आज सगळं जग मंठ्यात आहे."

जीप कसली, काळी-पिवळी. माणसं, गाठोडी, रिकाम्या पिशव्या आणि मधोमध मी, मांडीवर बॅनरची गुंडाळी. शेजारी एक तरतरीत बाई बसली होती, कडेवर दोनेक वर्षांची पोरगी. पोरीनं बॅनरचं टोक तोंडात घातलं.

"ईशू, सोड गं, माय," बाई ओरडली आणि मला म्हणाली, "काय लिव्हलंय त्याच्यावर?"

मी उलगडून दाखवलं. लेकरांच्या आजारात आधी कशाचा शोध घ्यावा, तुम्ही सांगा.

"कोण सांगायचं?"

"तुम्ही."

ती फसकन हसली. मग तिनं पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीकडं पाहिलं आणि हसू आवरलं. तिचं नाव मीरा. वाटूरपासून आत असलेल्या एका खेड्यातली. पुढं बसलेले तिचे सासरे, त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. नवरा कापसाच्या रानात होता. पोरीला थोडा खोकला होता, म्हणून बाजाराबरोबर दवाखानाही उरकायचा होता. कोणत्या दवाखान्यात, विचारलं तर म्हणाली, "संगीता मॅडमकडं. दुसरीकडं कुठं?"

मंठा

बाजार म्हणजे बाजार! कांद्याचे ढीग, लाल मिरचीची पोती, बांगड्या, टोपल्या, कढईत भजी, लाउडस्पीकरवर कुणी दंतमंजन विकतंय, कुणी साड्या. मंठ्याच्या बाजाराला लोक नुसती भाजी घ्यायला येत नाहीत. लेकीला भेटायचं तर बाजारात, सोयरीक बोलायची तर बाजारात, बँकेत जायचं तर त्याच दिवशी. आठवड्याच्या बाकी दिवसांत खेड्यातून गाडी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी एका माणसासाठी कामाचा दिवस मोडायचा कसा? आमच्याकडंही आठवडी बाजार आहेत, पण दर तासाला एसटी असते, म्हणून लेकराचा ताप बाजारावर कुणी ढकलत नाही.

संगीताचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत. पायऱ्यांवर पुरुष बसलेले, प्रत्येकाच्या पायाशी भरलेल्या पिशव्या, त्यांतून दुधी भोपळे माना बाहेर काढून बघतायत. दारावर पाटी: आत फक्त लेकरू आणि आई. आबा सवयीनं पायरीवर टेकले. आत बायकांचा आणि पोरांचा एकच गलका. संगीता मला बघून उठली नाही. तिनं हातानंच खूण केली, बस माझ्याशेजारी.

बसले. आणि बघते तर काय, बाई प्रत्येकीला सांगतेय, "तीन दिवसांनी दाखव," आणि जी ती मान डोलावतेय.

मी कुजबुजले, "येतात का गं तिसऱ्या दिवशी?"

"एक न्हाई येत. पुढच्या बाजारी येतात." पंचवीस वर्षं मंठ्यात राहून संगीताची भाषा पार तिकडची झालीय.

"मग सांगतेस कशाला?"

"आपल्याला तसंच शिकवलं ना. तू सांगलीत काय सांगतेस?"

मीही तेच सांगते. 

मीराचा नंबर आला. संगीतानं ईशूची छाती ऐकली, श्वास मोजला, घसा बघितला. साधी सर्दी. "काळजी न्हाई. तीन दिवसांनी दाखव."

मीरा उठली नाही. "मॅडम, मागच्या साली बी तुम्ही तीन दिसच म्हणल्त्या."

संगीताचा हात थांबला.

"तवा बी कापूसच चालू होता," मीरा सांगू लागली. "तिसऱ्या दिशी हिचा खोकला वाढला. मी घरी म्हणलं, दवाखान्यात न्या. तर म्हणले, आता बाजार चार दिसांवर आलाय, बाजारी जाऊ. मंग हिच्या बरगड्या आत जाऊ लागल्या. दूध सोडलं हिनं. मी रडले, तवा कुठं गाडी काढली. जालन्याला नेलं, नळ्या लावल्या. वाचली पोरगी. अन् घरी आल्यावर समदे मलाच म्हणले, तू आई असून तुला कळलं न्हाई का? मॅडम, मला कळल्तं. मला समदं कळल्तं! पण माझं ऐकतं कोण?"

मीरानं ईशूच्या तोंडातून संगीताच्या टॉर्चची दोरी काढून घेतली.

"माझं एवढंच इचारणं हाय. कोणतं लेकरू बाजारापर्यंत थांबतं अन् कोणतं न्हाई थांबत, हे तुम्ही असं सांगा की माझ्या घरानं ऐकलं पायजे. नुसतं मला सांगून काय उपेग?"

अहो, मी खुर्चीतून उडालेच! गावोगाव हिंडून जे मिळत नव्हतं, ते समोर बसून टॉर्चची दोरी सोडवत होतं. कोणत्या आजारात पुढच्या बाजारापर्यंत थांबणं सुरक्षित आहे? पुन्हा दाखवायला कधी बोलवावं, पुस्तकाच्या दिवसानं की गावाच्या? आणि धोक्याची खूण कुणाला, कशी सांगितली की घर उठून चालू लागतं? हे कुणी तपासलंय? मी तरी कुठं वाचलेलं नव्हतं. "मीरा," मी म्हटलं, "परवा जालन्याला ये. हेच, असंच, सगळ्यांसमोर बोल."

तिचा चेहरा उतरला. "मला बोलायला काय झालं? पण आबांना इचारावं लागंन."

मी तशीच उठून बाहेर पायरीवर गेले. आबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मी त्यांना बैठकीचं सांगितलं. मीरा काय बोलली, ते मात्र सांगितलं नाही. ते तिचं होतं, तिनंच सांगायला हवं.

"कापूस वेचायचा हाय," आबा म्हणाले. "एक माणूस कमी झालं की वांधा होतो."

"एकच दिवस, आबा. दुपारचं जेवण जालन्यात. दालबाटी आहे."

"तिला काय बोलता येतंय मोठ्या लोकांत?"

"ते ती बघेल ना."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "परवा मोसंबी घेऊन मला बी जालन्याला जायचंच हाय. येईल गाडीत. पण मी संग राहीन. लेकरू संग हाय, सून संग हाय, मी बाहेर कसा राहू?"

आबाच समोर बसले तर मीरा बोलायची कशी? जीपमध्ये त्यांच्या नुसत्या पाठीकडं बघून तिचं हसू विरलं होतं. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. मी म्हटलं, "या की, बिलकुल या."

दुपार टळून गेल्यावर संगीताच्या घरी जेवलो. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. वर्षभर डब्यात असतं, पाहुणा आला की आमटीत पडतं. आमच्या कटाच्या आमटीचा मला भारी अभिमान, पण या आमटीनं पहिल्याच घासाला माझी जीभ पोळली आणि तरी मी वाटी पुन्हा पुढं केली. "तू वादात हरत न्हाईस, पण आमटीत हरलीस," संगीता म्हणाली. मग ती गंभीर झाली. "मीरा बोलंल का गं, आबांसमोर?"

"घोडामैदान जवळच आहे," मी म्हटलं. पण खात्री मलाही नव्हती.

जुना जालना

जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत रिक्षा, हातगाड्या, दुचाक्या आणि कापडाचे गठ्ठे एकमेकांना वाट देत-घेत चालतात. कुणी कुणावर फारसं रागावत नाही, याचं मला नवल वाटलं. सांगलीत एवढ्या गर्दीत एव्हाना दोन भांडणं झाली असती, त्यातलं एक माझं. आमची बैठक एका कापड दुकानावरच्या हॉलमध्ये होती. हॉल ललिताभाभींच्या घराचा. त्यांच्या घराण्यानं राजस्थानातून येऊन इथं दुकान टाकलं त्याला कित्येक पिढ्या झाल्या. भाभी घरात मारवाडी, दुकानात हिंदी आणि आमच्याशी मराठी बोलत होत्या, आणि तिन्हीत सारख्याच वेगानं.

"डॉक्टरसाब, जालना सोने का पालना म्हणतात," त्यांनी निमकर सरांचं स्वागत केलं. "पालन्यातल्या लेकरांची मीटिंग इथंच व्हायला पायजे होती. आधी कचोरी घ्या."

सरांना आधी काम, मग कचोरी असं हवं होतं. भाभींपुढं त्यांचं काही चाललं नाही. सरांनी मतदानासाठी पुण्याहून रंगीत गोल टिकल्यांचे कागद आणले होते. प्रत्येकानं आपल्या आवडत्या प्रश्नाखाली टिकली चिकटवायची. फार शास्त्रशुद्ध पद्धत. टेबलावर कागद ठेवून सर कचोरीकडं वळले आणि तेवढ्यात आयांबरोबर आलेल्या पोरांनी ते शोधून काढले. पाचच मिनिटांत हॉलमधल्या प्रत्येक पोराच्या गालावर, कपाळावर, पोटावर टिकल्या. एकानं सरांची ब्रीफकेसही नटवली. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी खिडकीकडं तोंड करून हसून घेतलं.

पण हसू टिकलं नाही. बैठक सुरू झाली आणि मीराचा पत्ता नाही. जालन्यातले डॉक्टर बोलले, झोपेचा आणि भुकेचा प्रश्न फळ्यावर गेला, मग आईबापांना विचारलं, तर पुन्हा तेच पालुपद: "तुम्ही म्हणाल ते, डॉक्टरसाब." निमकर सरांनी फळ्यावर आपला रक्ततपासणीचा प्रश्न लिहिला आणि माझ्याकडं पाहिलं. 'जालन्यात बघा' हे माझेच शब्द मला त्यांच्या नजरेत वाचता आले. मी संगीताकडं बघितलं, ती दाराकडं बघत होती.

खाली गल्लीत हॉर्नचा सपाटा सुरू झाला. एक पिकअप हातगाडीपुढं अडकला होता, मागं मोसंबीचे क्रेट. मी जिन्यावरून अर्ध्यापर्यंत धावत गेले. मीरा वर येत होती, हिरवं लुगडं, कडेवर ईशू. मागून आबा, खांद्यावर मोसंबीचं पोतं. "पाव्हण्यांच्या घरी रिकाम्या हाती कसं यावं?" ते धापा टाकत म्हणाले.

मी मीराला पुढं बसवलं. आबा शेवटच्या रांगेत बसले, रुमाल सोडून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "सर, मंठ्याच्या बाजूनं एक प्रश्न आहे."

मीरा उभी राहिली. मागं वळून तिनं आबांकडं पाहिलं आणि तिचा आवाजच फुटेना. बोल गं बाई, बोल! मी मनातल्या मनात अक्षरशः देव पाण्यात घातले. ईशूनं आईच्या गालावर एक टिकली चिकटवली. कुणीतरी हसलं, मीराही हसली, आणि बोलू लागली.

सगळं बोलली. तीन दिवसांचं, कापसाचं, बरगड्यांचं, नळ्यांचं. "मला कळल्तं, पण माझं ऐकतं कोण," हेही बोलली. मध्ये कुठं थांबली नाही.

निमकर सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, तुमच्यावर फार वाईट प्रसंग आला. पण धोक्याची लक्षणं तर माहीत आहेत. सगळ्या पुस्तकांत आहेत. यात संशोधन कशाचं करायचं?"

"पुस्तकात असतील, सर," मीरा म्हणाली. "माझ्या घरात न्हाईत ना."

"एक मिनट," ललिताभाभी कचोरीचं ताट घेऊन मध्येच थांबल्या. "आमच्याकडं पण तेच आहे हो. लेकरू बिमार पडलं की सगळे म्हणतात, दुकानाची सुट्टी येऊ दे. सीझनमध्ये कोण गल्ला सोडून येणार? मी दवाखान्यातून ऐकून आलेलं घरी सांगते, तर म्हणतात, डॉक्टर लोक घाबरवतात. वाटूर काय अन् जुना जालना काय!" मग इतर आयांची तोंडं उघडली. एक म्हणाली, कारखान्याची पाळी. एक म्हणाली, नवऱ्याचा पगार. निमकर सरांना दोनदा हात वर करावा लागला.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. आबा उभे राहिले होते. मीराची मान खाली गेली, ईशूला तिनं घट्ट धरलं. मला वाटलं, झालं, केलं-सवरलं सगळं पाण्यात.

"त्या वक्ती बाजारापर्यंत थांबा म्हणणारा मीच होतो," आबा म्हणाले. "तेव्हापासून मी ह्या पोरीच्या तोंडाकडं बघू शकत न्हाई." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "पण डॉक्टरसाब, मला कोणी काय सांगितलंच न्हाई. मी पायरीवर बसलेला. आत सून एकटी. तिला मॅडमनी काय सांगितलं, किती सांगितलं, मला काय ठावं? मला वाटलं बाईमाणूस हाय, भेलंय. मॅडमनी मला एकदा आत बोलावून म्हणलं असतं, बरगड्या आत गेल्या की बाजार-फिजार काय न्हाई, निघायचं, तर मी बैलगाडीनं निघालो असतो. मी काय दुश्मन हाय का माझ्या नातीचा?"

मीरा आबांकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गालावर लाल टिकली तशीच.

मग संगीता उठली. "दारावरची ती पाटी मी लावलीय," ती म्हणाली. "गर्दी होते म्हणून. घरचे निर्णय घेणारे सगळे बाजाराच्या दिवशी माझ्या पायऱ्यांवर बसलेले असतात, आणि मी आत एकट्या आईला सांगून राह्यले. सर, उद्या ती पाटी मी काढीन. पण पाटी काढून फरक पडतो का, किती पडतो, लेकरं लवकर येतात का, हे मला माहीत न्हाई. तुम्हाला माहीत आहे का?"

निमकर सर फळ्याकडं वळले. हट्टी माणूस आहे, पण लबाड नाही. "नाही," ते म्हणाले. "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसावं." त्यांनी खडू उचलला आणि मीराचा प्रश्न मीराच्याच शब्दांत, आपल्या सुंदर अक्षरांत फळ्यावर लिहिला.

आता मतदान. टिकल्या तर पोरांच्या अंगावर! सर इकडंतिकडं बघू लागले. आबांनी पोतं ओढून आणलं आणि तोंड सोडलं. "ह्याच्यावर करा."

भाभींनी दुकानातून टोपल्या आणल्या, प्रत्येक प्रश्नाखाली एक ठेवली. प्रत्येकाच्या हाती एक मोसंबी. आया उठल्या, बाप उठले, जालन्यातले डॉक्टर उठले. तापाच्या टोपलीत पडल्या, झोपेच्या टोपलीत पडल्या, भूक न लागण्याच्या टोपलीतही पडल्या, खोटं कशाला सांगू. पण बाजाराची टोपली भरली, मग तिच्यावर डोंगर झाला, मग मोसंब्या घरंगळून खुर्च्यांखाली गेल्या आणि पोरं त्यांच्यामागं धावली. मोजायची गरजच उरली नाही. शेवटी निमकर सर उठले. हातातली मोसंबी त्यांनी क्षणभर आपल्या तापाच्या टोपलीवर धरली. मग चार पावलं चालून बाजाराच्या डोंगरावर हळूच ठेवली. जिंकलो! मी टाळी वाजवली, संगीताला मिठी मारली आणि निमकर सरांना म्हटलं, "जालन्यात बघा म्हटलं होतं की नाही?" सर म्हणाले, "बघितलं हो, बघितलं."

मग दालबाटी. तुपात बुडवलेली बाटी कुस्करायची, वर आमटीसारखी डाळ, शेजारी बेसनाच्या गट्ट्यांची भाजी. आमच्याकडं तूप भातावर धार धरून वाढतात, भाभी पळीनं ओततात. आबा आणि निमकर सर शेजारी शेजारी बसले होते. सर आबांना छाती आत ओढली जाणं म्हणजे नेमकं काय, ते स्वतःच्या बरगड्यांवर हात ठेवून दाखवत होते, आणि आबा घास हातात तसाच धरून बघत होते.

निघायची वेळ झाली. पिकअप खाली हॉर्न देत होता. मीरानं ईशूला कडेवर घेतलं आणि सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, मंग उत्तर कवा मिळन?"

"वेळ लागेल, ताई," सर म्हणाले. "खूप गावांत, खूप लेकरांवर बघावं लागेल. पण मिळालं की मी दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही, स्वतः तुमच्या गावी येऊन सांगेन. कधी यायचं तेवढं सांगा." आणि सवयीनं त्यांनी आबांकडं पाहिलं.

आबांनी तोंड उघडलं, मग मिटलं. सुनेकडं बोट केलं आणि म्हणाले, "तिला इचारा."

"बाजाराच्या दिवशी या," मीरा म्हणाली. "मंठ्याला. त्या दिशी आम्ही समदे असतोत."